तास नको, सोमाइट मोजा: कोंबडीच्या गर्भात पहिलं रक्त बनताना जीन कसे तपासायचे

कोंबडीच्या गर्भात रक्त आधी बनायला लागतं आणि हृदयाचे ठोके नंतर सुरू होतात, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. अंडं उबवायला ठेवलं की साधारण सव्वा दिवसात बलकावर पसरलेल्या चकतीच्या मागच्या बाजूला, घोड्याच्या नालेच्या आकारात पेशींचे बारीक पुंजके दिसायला लागतात, त्यांनाच ब्लड आयलंड म्हणतात. बाहेरच्या पेशींची रक्तवाहिनीची भिंत होते आणि आतल्या पेशी लाल रक्तपेशी होतात. हे सगळं बाहेर, बलकावर चालू असतं, गर्भाच्या अंगात नाही. १९२० मध्ये फ्लॉरेन्स सेबिन या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी जिवंत गर्भ मायक्रोस्कोपखाली ठेवून, दुसऱ्या दिवशी या पेशी लाल होताना प्रत्यक्ष बघितल्या आणि लिहून ठेवल्या, आणि तेच आज आपल्याकडच्या कुठल्याही झूलॉजी डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये बघता येतं. फरक एवढाच की आता त्या पेशींमधले कुठले जीन कधी चालू होतात तेही मोजता येतं.

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी हा विषय मला फार आवडतो. इनक्युबेटर, डिसेक्शन मायक्रोस्कोप आणि कुठेतरी ओळखीत क्यूपीसीआर मशीन (कुठल्या जीनचा आरएनए किती आहे ते मोजणारं) एवढं असलं तरी काम होतं. उंदीर लागत नाही, आणि उंदराच्या गर्भात आईचं रक्त मिसळायची जी कटकट असते तीही इथे नाही. तरी गाईडला विचारून संस्थेच्या एथिक्स कमिटीला आधी एक पत्र देऊन ठेवा, इतक्या लहान गर्भाला बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही पण नियम जागेनुसार बदलतात.

अंडी कुठून आणायची

किराणा दुकानातली अंडी चालत नाहीत कारण लेयर फार्मवर कोंबडाच नसतो, ती अंडी फलित नसतात. हॅचरीतून उबवणीची अंडी मागायची, किंवा पशुसंवर्धन खात्याच्या अंडी उबवणी केंद्रात चौकशी करायची. गावठी अंडी फलित असू शकतात पण ती कधी घातली, किती दिवस टोपलीत पडून होती हे कोणी सांगू शकत नाही म्हणून ती शक्यतो टाळाच. दोन डझन घ्या, काही फलित निघत नाहीत, काही प्रवासात हादरतात, काही फोडताना जातात.

आता आपल्या हवेचा मुद्दा, आणि हा कुठल्याही परदेशी प्रोटोकॉलमध्ये ठळक लिहिलेला नसतो. कोंबडी अंडं घालते तेव्हा आतला गर्भ एक दिवसाचा झालेलाच असतो, त्यात पन्नासेक हजार पेशी असतात, आणि थंड पडला की तो थांबतो. पण थांबायला थंडावा लागतो. तापमान विशीच्या बरंच वर राहिलं की वाढ हळूहळू, वेडीवाकडी चालूच राहते. नागपूरला किंवा जळगावला मे महिन्यात अंड्यांचा ट्रे अर्धा दिवस टेबलावर राहिला तर तुम्ही इनक्युबेटरचं बटण दाबायच्या आधीच काही गर्भ पुढे निघून गेलेले असतात आणि काही मरायला टेकलेले असतात. म्हणून अंडी आणली की लगेच १५ ते १८ डिग्रीला ठेवा, घरच्या फ्रिजचा आतला भाग जास्त थंड पडतो, आणि आठवड्याच्या आत वापरून टाका. वर आणि लोडशेडिंग झालं, इनक्युबेटर दोन तास बंद पडला, की "३० तासांचा गर्भ" या शब्दाला काही अर्थच उरत नाही.

यावर उपाय १९५१ पासून तयार आहे. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी कोंबडीच्या गर्भाच्या ४६ स्टेज ठरवून दिल्या, आणि आपल्याला हव्या असलेल्या काळात स्टेज ठरते ती सोमाइटच्या जोड्या मोजून. सोमाइट म्हणजे पाठीच्या मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ओळीनं दिसणारे चौकोनी ठोकळे. स्टेज ७ ला १ जोडी, ८ ला ४, ९ ला ७, १० ला १०, ११ ला १३, १२ ला १६. दर स्टेजला तीन जोड्या वाढतात, पाठ करायला एकदम सोपं. एक जोडी बनायला साधारण ९० मिनिटं लागतात, म्हणजे दोन गर्भांत सहा तासांचा फरक असेल तर चार जोड्यांचा फरक पडतो, आणि ज्या काळात ग्लोबिनचे, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या प्रोटीनचे, जीन शून्यावरून आभाळाला जातात त्या काळात चार जोड्या म्हणजे फार मोठं अंतर आहे. या विषयात जे रिझल्ट एकमेकांशी जुळत नाहीत त्यात माझ्या मते सगळ्यात मोठा वाटा याचाच असतो, लोक तासांवर सॅम्पल गोळा करतात, एका ट्यूबमध्ये ३ सोमाइटवाला आणि ९ सोमाइटवाला दोन्ही टाकतात आणि मग एरर बार बघून प्राइमरला (हवा तो जीन पकडणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्याला) दोष देतात.

उबवणं आणि गर्भ काढणं

३८ डिग्री, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास, अंडं आडवं, वरच्या बाजूला पेन्सिलनं खूण. वेळेचं गणित आपल्या झोपेप्रमाणे लावा. सकाळी ६ ला ठेवलं तर दुसऱ्या दिवशी १० वाजता २८ तास होतात, तेव्हा ४ सोमाइटच्या आसपासचे गर्भ मिळतात. संध्याकाळी ८ ला ठेवलं तर परवाच्या सकाळी ८ ला ३६ तास, तेव्हा १० सोमाइटच्या आसपास. अजून आधीचं बघायचं असेल, म्हणजे सोमाइट नसलेली स्टेज ४, तर १८-१९ तास. हे तास फक्त अंडं कधी फोडायचं ते ठरवायला, वहीत स्टेज लिहायला नाही.

अंडं काचेच्या भांड्यात अलगद फोडा, बलक फुटू देऊ नका. वरचा जाड पांढरा भाग टिश्यू पेपरनं हळूच ओढून काढा कारण तो राहिला तर फिल्टर पेपर चिकटतच नाही. फिल्टर पेपरचे मधे भोक असलेले चौकोन आधीच कापून ठेवा, लवकरच्या स्टेजला एक सेंटिमीटरचं भोक पुरतं, पण १६ सोमाइटच्या गर्भाला मोठं करा, नाहीतर तुम्हाला हवा तो रक्ताचाच भाग कागदाखाली जातो. चौकोन गर्भाभोवती नीट बसवा, दहा-वीस सेकंद थांबा, कडेनं कात्री फिरवा आणि तिरका उचला. थंड पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खारट द्रावणात) उलटा करून धुवा, बलक जाईपर्यंत धुवा. हा कागदी रिंगचा प्रकार २००१ मध्ये चॅपमन आणि सहकाऱ्यांनी मांडला, त्याआधी १९५५ ची डेनिस न्यू यांची काचेच्या रिंगची पद्धत होती आणि पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत त्या पद्धतीनं कोंबडीच्या गर्भावर बरंच काम झालंय, तर तिकडे कोणी ओळखीचं असेल तर एक दिवस शेजारी उभं राहून बघून या, हाताचं काम वाचून येत नाही. रिंगवरचा गर्भ अगार आणि अंड्याच्या पांढऱ्याच्या मिश्रणावर ठेवून पुढे वाढवताही येतो, तोच गर्भ दर दोन तासांनी बघत लाल होईपर्यंत थांबायचं असेल तर हे करा, खरंच करण्यासारखं आहे.

मायक्रोस्कोपखाली पहिलं काम सोमाइट मोजणं, दुसरं काम फोटो, आणि मगच सुई लावायची. फोटो प्रत्येक गर्भाचा हवा, नंतर शंका आली तर परत मोजता येतं.

गर्भाच्या भोवतीचा पारदर्शक भाग तो एरिया पेल्युसिडा आणि त्याच्या बाहेरचा धुरकट, बलकाळ पट्टा तो एरिया ओपेका. ब्लड आयलंड मागच्या एरिया ओपेकात असतात. प्रत्येक गर्भाचे तीन तुकडे करा: मागचा नालेच्या आकाराचा एरिया ओपेका, मधला गर्भ पेल्युसिडासकट, आणि पुढचा, डोक्याच्या समोरचा एरिया ओपेका. हा पुढचा तुकडा फेकू नका! ४ सोमाइटला तिथे मेसोडर्म (ज्यातून रक्त बनतं तो पेशींचा मधला थर) पोचलेलाच नसतो म्हणून रक्तही नसतं, पण बलकाळ पेशी मात्र मागच्यासारख्याच असतात, म्हणजे यापेक्षा चांगला निगेटिव्ह कंट्रोल तुम्हाला विकत मिळणार नाही. कापायला टंगस्टनची सुई नसेल तर इन्सुलिन सिरिंजची सुई चालते.

आधी डोळ्यांनी हिमोग्लोबिन बघा

आरएनएकडे धावण्याआधी काही गर्भ रंगवा. जुन्या पेपरांत बेंझिडीन वापरलेलं दिसेल, ते वापरू नका, त्यानं कॅन्सर होतो हे पक्कं माहीत आहे. त्याऐवजी ऑर्थो-डायॲनिसिडीन घ्या, तेही निर्धोक नाही, ग्लोव्ह्ज घालून फ्यूम हूडमध्येच वजन करायचं. १० मिलिलिटरसाठी: ६ मिलिग्रॅम डायॲनिसिडीन ४ मिलिलिटर इथेनॉलमध्ये विरघळवा, त्यात ०.१ मोलर सोडियम ॲसिटेट, पीएच ४.५, १ मिलिलिटर, पाणी ४.८ मिलिलिटर, आणि अगदी शेवटी ३० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड २२० मायक्रोलिटर. ताजा, फिक्स न केलेला गर्भ यात अंधारात १५ मिनिटं. हिमोग्लोबिन असेल तिथे लालसर तपकिरी रंग येतो. एक गर्भ पेरॉक्साइड न घालता ठेवा, त्यात रंग येता कामा नये. झालं की पाण्यानं धुवा, ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये फिक्स करा आणि फोटो काढा. उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही, घातक कचऱ्याच्या वेगळ्या बाटलीत जाऊ द्या.

७-८ सोमाइटच्या आसपास पहिला रंग धरायला लागतो, त्याआधी पुंजके दिसतात पण रंग येत नाही. हीच जागा महत्त्वाची आहे, कारण जीन चालू होणं आणि हिमोग्लोबिन डोळ्याला दिसणं यात अंतर असतं, आणि तुमचा सगळा प्रोजेक्ट त्या अंतरात बसतो.

कुठले जीन घ्यायचे

वीस जीनची यादी करू नका, तीन थर घ्या. पहिला थर, पेशीनं अजून ठरवायचंय अशा वेळचा: व्हीईजीएफआर-२, जो रक्त आणि रक्तवाहिनी दोन्हीच्या पूर्वज मेसोडर्ममध्ये असतो. दुसरा थर, दिशा पकडलेल्यांचा: टाल-१, एलएमओ-२, गाटा-२, आणि मग गाटा-१. यात गाटा-२ आधी येतो आणि गाटा-१ चढतो तसा तो मागे पडतो, ही अदलाबदल तुमच्या ग्राफमध्ये दिसली पाहिजे. तिसरा थर म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे: हीम बनवायला लागणारा अलास-२ आणि ग्लोबिन.

ग्लोबिनमध्ये कोंबडीचं स्वतःचं गणित आहे, माणसाचं डोक्यातून काढून टाका. बीटा प्रकारचे चार जीन क्रोमोसोमवर या क्रमानं बसलेत: ऱ्हो, बीटा-एच, बीटा-ए, एप्सिलॉन. अल्फा प्रकारचे तीन: पाय, अल्फा-डी, अल्फा-ए. पहिल्या लाटेच्या, म्हणजे बलकावर सुरुवातीला बनणाऱ्या, लाल पेशींत ऱ्हो आणि एप्सिलॉन जोरात असतात, सोबत पाय, आणि अल्फा-डी, अल्फा-ए हे दोघे पण सुरुवातीपासूनच असतात. म्हणजे अल्फा-ए दिसला म्हणून "मोठ्यांचं रक्त आलं" असं लिहू नका. मोठ्यांच्या रक्ताची खूण म्हणजे बीटा-ए, आणि ती दुसऱ्या लाटेच्या पेशी रक्तात यायला लागतात तेव्हा, पाचव्या-सहाव्या दिवसापासून वर येते. तेव्हा ५, ८ आणि १२ दिवसांच्या गर्भाचं थोडं रक्त पण घेऊन ठेवा, बीटा-ए या जीनचे प्राइमर चालतात की नाही हे तिथेच कळेल, दोन दिवसांच्या गर्भात कळणार नाही.

प्राइमर करताना सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ऱ्हो आणि एप्सिलॉन यांचा कोडिंग भाग एकमेकांशी इतका मिळताजुळता आहे की बेफिकीर प्राइमर दोघांनाही पकडतो आणि तुम्हाला कळतही नाही कारण मेल्ट कर्व्ह (प्रॉडक्ट वितळण्याचा आलेख) छान एकच शिखर दाखवतो. म्हणून रिव्हर्स प्राइमर जीनच्या शेवटच्या, प्रोटीन न बनवणाऱ्या भागात ठेवा, तिथे फरक असतो, आणि फॉरवर्ड प्राइमर दुसऱ्या-तिसऱ्या एक्झॉनच्या सांध्यावर, म्हणजे डीएनएवरून वाढणार नाही. प्रॉडक्ट २०० बेसपर्यंत गेला तरी चालेल. एकदा प्रॉडक्ट सिक्वेन्सिंगला पाठवा, खर्च फार नसतो आणि त्यानंतर झोप नीट लागते.

आरएनए आणि क्यूपीसीआर

४ सोमाइटच्या आतले तुकडे इतके लहान असतात की एका गर्भात आरएनए पुरत नाही, पाच-सहा गर्भांचा एकाच प्रकारचा तुकडा एकत्र करा, पण एकत्र करताना सोमाइटमध्ये एका जोडीपेक्षा जास्त फरक नको. असे वेगवेगळे किमान तीन गट, हे झाले तुमचे रेप्लिकेट. एकच गट क्यूपीसीआर प्लेटच्या तीन विहिरींत (खळग्यांत) टाकला तर ते रेप्लिकेट होत नाहीत, परीक्षक पहिलं हेच विचारतो.

एरिया ओपेकाच्या पेशींच्या आतच बलक भरलेला असतो म्हणून कितीही धुतलं तरी ट्रायझॉलमध्ये (आरएनए काढायच्या द्रावणात) चरबी आणि प्रोटीन येतंच, वरचा थर धुरकट दिसला तर तो उचलून परत एकदा क्लोरोफॉर्म द्या. आणि डीएनेज (डीएनए कापणारं एन्झाइम) ट्रीटमेंट चुकवू नका. पक्ष्यांच्या लाल पेशींत केंद्रक शेवटपर्यंत राहतं, आपल्यासारखं बाहेर टाकलं जात नाही, त्यामुळे रक्ताचं सॅम्पल म्हणजे भरपूर डीएनए. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून सीडीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली एक ट्यूब प्रत्येक सॅम्पलसोबत हवीच. (याच केंद्रकाची एक मोठी कमाई पण आहे, १९७६ मध्ये वाइनट्रॉब आणि ग्राउडीन यांनी कोंबडीच्या लाल पेशींची केंद्रकं घेऊनच दाखवलं की चालू असलेल्या जीनचं क्रोमॅटिन वेगळं, सैल असतं आणि डीएनेज ते आधी कापतं, आणि तेच ग्लोबिन रक्त न बनवणाऱ्या पेशींत मात्र तसं कापलं जात नाही.)

१० सोमाइटनंतर ग्लोबिनचा आरएनए इतका असतो की सिग्नल फार लवकर वर येतो, तेव्हा सीडीएनए शंभर पट पातळ करून चालवा. पण गाटा-१ साठी तोच सीडीएनए पातळ न करता लागेल, म्हणजे दोन वेगळ्या प्लेट, आणि रेफरन्स जीन (ज्याच्या तुलनेत बाकीचे मोजायचे तो स्थिर जीन) दोन्हीकडे. रेफरन्स एकच घेऊ नका. लाल पेशी पक्व होत जाते तसं तिचं बाकीचं दुकान बंद होत जातं, बीटा-ॲक्टिन किंवा जीएपीडीएच स्वतःच खाली जाऊ शकतात, आणि मग ग्लोबिन आहे त्यापेक्षा जास्त चढलेला दिसतो. दोन-तीन रेफरन्स चालवून त्यातले स्थिर कोण ते स्वतःच्या सॅम्पलवर तपासा, दुसऱ्याच्या पेपरवरून उचलू नका.

अजून एक, स्टेज ४ ला ऱ्हो सापडलाच नाही तर "स्टेज ४ च्या तुलनेत अमुक हजार पट वाढ" असं लिहायचं नाही, शून्याच्या किती पट हा प्रश्नच चुकीचा आहे. "सापडला नाही" लिहा आणि जिथे पहिल्यांदा सापडला तिथून मोजायला सुरुवात करा.

इन सिटू करणार असाल तर

जीन कुठे चालू आहे हे बघायला होल माउंट इन सिटू (अख्ख्या गर्भात आरएनए जिथे आहे तिथेच रंगवणं) उत्तम, डिग या खुणेचा रेणू लावलेला प्रोब (त्या आरएनएला चिकटणारा तुकडा) आणि अल्कलाइन फॉस्फटेजचा जांभळा रंग. पेरॉक्सिडेजवाला रंग घेऊ नका, कारण हिमोग्लोबिन स्वतःच पेरॉक्सिडेजसारखं वागतं, वरचा डायॲनिसिडीनचा सगळा खेळ त्याच्यावरच चालला होता, मग प्रोब असो नसो ब्लड आयलंड रंगणारच. सेन्स प्रोबचा (जो त्या आरएनएला चिकटायला नको) एक गर्भ ठेवा म्हणजे प्रोब कुठे नुसता अडकून बसतो ते कळेल.

आता रिझल्ट वाचताना एक गोष्ट. हृदय १० सोमाइटच्या आसपास धडकायला लागतं, पण रक्त खऱ्या अर्थानं फिरायला लागतं ते १६ सोमाइटच्या पुढे, दोन दिवसांच्या सुमारास. त्याआधी मधल्या तुकड्यात, म्हणजे गर्भाच्या अंगात, ग्लोबिन मिळालं तर बहुतेक कापताना ओपेकाचा भाग चिकटून आलाय. त्यानंतर मिळालं तर ते वाहून आलेलं रक्त आहे, तिथे बनलेलं नाही. दोन्ही वेळा "गर्भाच्या शरीरातही ग्लोबिन एक्सप्रेशन आढळलं" असं वाक्य लिहिलं तर चुकेल. बनलेलं कुठे आणि सापडलं कुठे हा घोळ या क्षेत्रात फार जुना आहे, तो सोडवायला फ्रान्समध्ये दियेतर्लेन-लिएव्र यांनी १९७५ मध्ये लावा पक्ष्याचा गर्भ कोंबडीच्या बलकपिशवीवर बसवला आणि दोघांच्या पेशी केंद्रकावरून ओळखून दाखवलं की पहिली लाट बलकपिशवीची, पण पुढे टिकणारं रक्त देणाऱ्या मूळ पेशी गर्भाच्या अंगातून येतात.

व्हायव्हात "याचा उपयोग काय" विचारतात. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या कुटुंबांना विचारा. सिकलसेल असलेलं बाळ पहिले काही महिने बरं असतं कारण त्याच्या रक्तात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन असतं, ते ओसरलं की त्रास सुरू होतो. त्या हिमोग्लोबिनचा गॅमा ग्लोबिन हा जीन बंद करणारा बीसीएल११ए हा जीन लाल पेशींत दाबून गर्भातलं हिमोग्लोबिन परत चालू करायचं या कल्पनेवरची जीन एडिटिंगची थेरपी २०२३ मध्ये आधी ब्रिटनमध्ये आणि मग अमेरिकेत मंजूर झाली. कोंबडीत तो गॅमा ग्लोबिन नाही, त्यामुळे तुमच्या प्रोजेक्टमधून औषध निघेल असं लिहू नका. पण वाढीच्या एका टप्प्यावर एक ग्लोबिन बंद होऊन दुसरा चालू होतो, हा मूळ प्रश्न दोन्हीकडे तोच आहे, आणि एवढं उत्तर प्रामाणिक आणि पुरेसं आहे.

ग्राफ काढताना आडव्या अक्षावर सोमाइटच्या जोड्या, उभ्या अक्षावर लॉग स्केल, आणि सरासरीच्या काठीऐवजी प्रत्येक गटाचा ठिपका वेगळा दाखवा. सोमाइट यायच्या आधीच्या स्टेजचे ठिपके डावीकडे वेगळ्या पट्टीत, आणि ५, ८, १२ दिवसांचं रक्त उजवीकडे वेगळ्या पट्टीत, त्यांना एका रेषेनं जोडू नका कारण ते सॅम्पलच वेगळं आहे. प्रत्येक ठिपक्याखालच्या गर्भांचे फोटो पुरवणीत जोडा.